बायजाकाकीचे सहा एकर

वडखळ सोडून आम्हाला तासभर झाला असेल. तिवरखार अजून तेवढंच लांब होतं. बायजाकाकी उघाडीपाशी थांबली, वहाणा काढून हातात घेतल्या आणि बांधावर चढली. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायची बांधातली झडप. इथून पुढची वाट बांधावरूनच होती.

"कागदात काय हाय गो, बाई?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"गावात गेल्यावर वाचते. हिरामणदादांसमोर."

"त्याच्यासमोर कशाला? त्याला वाचता येतं. मना येत नाय, मना आधी सांग."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. एकोणीसशे नव्याण्णवचा डिसेंबर होता. मी रजा टाकून तिच्याबरोबर पेणच्या कचेरीत गेले होते. गावचा खाडीकडचा बांध सरकार दुरुस्त करणार की नाही, याचं उत्तर त्या कागदात होतं. ते मी वडखळला येताना यष्टीत उभ्या उभ्या वाचलं होतं. बांध दुरुस्तीच्या यादीतून काढला होता. माझं घर पेणला रामवाडीत, मला खरं म्हणजे तिथंच थांबायचं होतं. पण हा कागद तिच्या हातात देऊन तिला एकटीला यष्टीत बसवणं मला जमलं नाही. वडखळच्या नाक्यावर गावाची यष्टी संध्याकाळीच होती, म्हणून आम्ही चालत निघालो.

बांधाच्या डाव्या हाताला शेजारच्या गावाची शेतं होती. भात कापून झालं होतं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. उजव्या हाताला तिवरखारची शेतं. तिथं पाणी होतं, पाण्यात खारफुटीची तिवरं वाढली होती आणि तिवरांत बगळे बसले होते. त्या पाण्याखाली बायजाकाकीचे सहा एकर होते. ती डावीकडं बघत चालत होती.

मी मूळची रोह्याकडची, कोलाडजवळच्या गावातली. आमच्याकडं भात निघालं की त्याच शेतात वाल होतो. खाऱ्या पाण्यानं शेत मरतं हे मला तिवरखारच्या शाळेत नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. ते बायजाकाकीनं शिकवलं. एकदा तिनं शेतातल्या मातीचं ढेकूळ माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "चाट." मी जीभ लावली. मीठच होतं. "चार वर्सं गोडा पाऊस धुवील तवा यात दाणा होईल. पण आधी बांध पायजे."

ती माहेरची मिठागरावरची. लहानपणापासून अनवाणी, डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिलेल्या, त्यामुळं पावलं कायम भेगाळलेली. लग्न होऊन तिवरखारला आली तेव्हा सासऱ्यानं तिला बांधावर उभं करून सहा एकर दाखवले होते. प्रत्येक खाचराला नाव होतं. मोठं, धाकटं, उघाडीचं, सासूचं. मिठातून सुटली आणि भातात आली, असं तेव्हा तिची आई म्हणाली होती. ते ती मला हसत हसत सांगायची.

एकोणनव्वद साली नवरात्राच्या आधीच्या उधाणाला बांधाला खांड पडली आणि खाडीचं पाणी शेतांत शिरलं. त्या भागात बांध राखायला जोळ असतो. ज्याची बांधाआड जमीन, तो जोळात. उधाणाच्या दिवसांत पाळीपाळीनं बांधावर राखण करायची, आणि खांड पडली की घरटी माणूस चिखलात उतरायचा. काकीचा नवरा महिपती तीन दिवस कमरेएवढ्या पाण्यात चिखलाचे गोळे टाकत होता. खांड बुजली नाही, वाढतच गेली. दोन वर्षांनी तो काविळीनं गेला. मुलगा प्रवीण कोलाडला हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात लागला आणि तिथंच खोली घेऊन राहिला. काकी पुन्हा मिठागरावर जायला लागली.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते राखणीचं. बांध मोडलेला, शेतं पाण्यात, तरी जोळाच्या पाळ्या चालूच होत्या. काकीची पाळी आली की ती हळदकुंकू आणि नारळ घेऊन बांधाच्या तुटक्या टोकावर जायची आणि भरती उतरेपर्यंत बसून राहायची. मी एकदा विचारलं, "काकी, राखायचं काय आता?"

"पाळी," ती म्हणाली.

सत्त्याण्णव साली गरिबीचा सर्वे आला. आम्हा शिक्षकांना घरोघर जाऊन फॉर्म भरायचे होते. ज्यांची नावं यादीत येतील त्यांना स्वस्त धान्य, घरकुल वगैरे मिळणार होतं. बंद घरांवर 'घर बंद' असा शेरा मारायचा आणि पुढं जायचं. आमच्यातले काही जण भर उन्हात चालायच्या कंटाळ्यानं उघड्या घरांनाही तो शेरा मारत. मी तसं केलं नाही. देवाला सोडून कुणी बघत नसलं तरी तो बघतोच, असं मानायची मला लहानपणापासून सवय. जे घरचा माणूस सांगेल तेच लिहायचं, असं मी ठरवलं होतं आणि तेच बरोबर वाटत होतं.

काकीचा फॉर्म मी हिरामणदादांच्या पडवीत भरला. हिरामणदादा जोळाचे पुढारी. जोळातले चार-पाच जण तिथं बसलेले होते.

"पंखा आहे का घरात?"

काकीनं कोपऱ्यातलं सूप उचलून वारा घेतला. "हाय ना. लाईट गेली तरी चालतंय."

"टीव्ही?"

"टीव्ही कशाला? हिरामण हाय. सकाळी चालू होतंय ते जेवायलाच बंद होतंय."

सगळे हसले. हिरामणदादाही हसले. मग मी विचारलं, "जमीन किती?"

हसणं थांबलं. काकीनं पदर सारखा केला. "सहा एकर."

"पण काकी, पिकत..."

"सहा एकर लिव."

हिरामणदादांनी मान डोलावली. मी लिहिलं, दोन हेक्टर चाळीस आर. सातबाऱ्यावरही तेवढेच होते आणि पिकाच्या रकान्यात अजून भातच लागत होतं. जमीन पाण्याखाली आहे का, हे विचारणारा रकाना फॉर्मवर नव्हता.

मला तेव्हा एक गोष्ट माहीत नव्हती, ती यादी लागल्यावर कळली. जोळाचा नियम असा, की ज्यानं चार माणसांत तोंडानं 'जमीन गेली' म्हटलं, त्यानं ती सोडली. उद्या बांध उभा राहिला, पाणी हटलं, तरी त्याची पाळी नाही आणि वाटणीच्या बैठकीत त्याला जागा नाही. पाण्यानं शेतांच्या खुणा पुसून टाकलेल्या. कुणाचं खाचर कुठं, हे जोळच सांगणार. म्हणून त्या गावात कुणीही जमीन गेली असं म्हणत नसे. सगळ्यांची जमीन होती. त्या सर्वेत तिवरखारच्या पाण्यात बुडालेल्या सगळ्या घरांनी मला एकर सांगितले, आणि मी ते प्रामाणिकपणे लिहीत गेले.

यादी लागली तेव्हा दोन हेक्टरच्या वर जमीन असलेलं एकही नाव तिच्यात नव्हतं. त्यांचे बाकीचे रकाने कुणी वाचलेच नव्हते, नियमच तसा होता. काकी शाळेत आली. मी तिला समजावून सांगितलं.

"म्हंजे मी जमीनदारीण," ती म्हणाली. "मग बाई, जमीनदारणीला खाली बसवतंस व्हय? खुर्ची दे."

मी खुर्ची दिली. ती बसली नाही, हसून मिठागरावर गेली. स्वस्त धान्य बंद झाल्यावर त्या वर्षीपासून तिच्या घरी दोन वेळच्या भाताचा एक वेळचा झाला, हे मला तिच्या शेजारणीकडून कळलं.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर नमिता आली. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली, पंचविशीची मुलगी. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या या पट्ट्यातल्या जमिनींचा अभ्यास करायला आली होती. तिचा फॉर्म बारा पानांचा. कागदावर जमीन किती, त्यातली पाण्याखाली किती, शेवटचं पीक कधी निघालं, घर कशावर चालतं. हेच प्रश्न विचारायला हवे होते, असं मला पहिलं पान वाचतानाच वाटलं. दुपारी सुकती लागून पाणी ओसरलं की ती काकीबरोबर चिखलात उतरायची. पहिल्याच दिवशी तिची एक चप्पल चिखलानं खाल्ली.

"आता एक एकर तुझा," काकी म्हणाली. "चप्पल पेरलीस तू."

नमिता सांगायची, सरकारचं धोरण अशा अभ्यासांवरून ठरतं, खरी माहिती वर गेली तर नियम बदलतात.

"धोरण म्हंजे काय गो?"

"म्हणजे सरकार पुढं काय करणार ते."

"आनि ते आमाला इचारून ठरवनार?"

"हो. म्हणून तर आले ना मी."

लोक तिलाही एकरच सांगत होते. मग तिनं मला विचारलं आणि मी तिला जोळाचा नियम सांगितला. ती प्रत्येकाला एकट्याला घरात गाठून विचारू लागली आणि फॉर्म लोकांसमोर वाचायचा नाही असं तिनं वचन दिलं. तेव्हा कुठं घरं बोलायला लागली. काकीच्या फॉर्मवर तिनं लिहिलं, सहापैकी सहा एकर पाण्याखाली, दहा वर्षं पीक नाही, उपजीविका मिठागर.

पुढच्या फेब्रुवारीत संस्थेनं रोह्याला सभा ठेवली. पेण आणि रोहा दोन्ही तालुक्यांतले लोक, मुंबईहून आलेले अधिकारी. नमिताला वाटत होतं की आकड्यांबरोबर एखाद्या माणसानं उभं राहून सांगावं. काकी नको म्हणाली. मीच तिच्या मागं लागले. म्हटलं, काकी, वरच्या माणसांनी एकदा तुझ्या तोंडून ऐकलं तर बांध होईल. जोळाचा नियम माहीत असूनही हे मी बोलले. दुसरं कुणी नाही.

आम्ही पेणहून गाडीनं गेलो. हिरामणदादाही होते. स्टेशनावरून येताना मी धावीर महाराजांच्या देवळाशी थांबले. काकीनंही हात जोडले. "तुझा देव हाय," ती मला म्हणाली, "तूच सांग त्याला. माझी वळख नाय."

सभागृहात पंखे होते, पाण्याच्या बाटल्या होत्या. नमितानं भिंतीवर तक्ते दाखवले. मग काकीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली. हिरामणदादा तिसऱ्या रांगेत बसले होते. तिनं आधी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"माझी सहा एकर जमीन होती," ती म्हणाली. "ती गेली. दहा वर्सं झाली. दाना नाय. मी मीठ वाहून खातंय."

एवढंच. ती खाली बसली. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. टाळ्या वाजल्या. टाळ्या कशासाठी, हे तिला कळेना, म्हणून तिनंही वाजवल्या.

परतीच्या गाडीत हिरामणदादा पेण येईपर्यंत लांबच्या बाकावर बसले होते. उतरताना म्हणाले, "बायजा, बोललीस ते खरंच बोललीस. पन बोललीस."

पुढच्या उधाणाला तिच्या घरी पाळीचा निरोप आला नाही. ती तरी नारळ घेऊन गेली. तिथं सखा म्हणून त्यांच्या भावकीतला एक जण बसला होता. तो म्हणाला, "वैनी, तुझी पाळी नाय आता. घरी जा, ऊन हाय." तो चांगल्या मनानंच म्हणाला. ती नारळ तसाच घेऊन परत आली. त्याचं काय करायचं, हे तिनं मला विचारलं. मी म्हटलं, देवाला वाहायला आणलेला नारळ, देवळात दे. ती म्हणाली, "ह्यो त्या देवाचा नाय, बांधाचा हाय." तो नारळ तिच्या चुलीमागच्या फळीवर सुकून गेला. पण बांध होणार, अशी आशा होती. बांध झाला की जोळालाही समजावता येईल, असं आम्ही दोघी एकमेकींना सांगत होतो.

आता तो कागद माझ्या पिशवीत होता.

तुटक्या टोकाच्या अलीकडं बांधावर एक मोठा दगड आहे. काकी त्यावर बसली आणि म्हणाली, "मी इथून उठनार नाय. वाच."

मी पिशवीतून कागद काढला. वाचायला वेळ लागला नाही, चारच ओळी होत्या. 'सदर अभ्यासानुसार मौजे तिवरखार येथील बांधाआडील क्षेत्रात गेली दहा वर्षे कोणतेही पीक नसून, बहुतांश कुटुंबांची उपजीविका शेतीवर अवलंबून नाही. सबब सदर बांधाच्या दुरुस्तीवरील खर्च समर्थनीय ठरत नाही. उपलब्ध निधी पीक असलेल्या क्षेत्रांच्या बांधांकडे वळविण्यात येत आहे.'

"आता आपल्या भाषेत," ती म्हणाली.

मी सांगितलं. आपल्या जमिनीत काही पिकत नाही, आपण शेतीवर जगत नाही, असं अभ्यासात निघालं. म्हणून आपला बांध ते बांधणार नाहीत. ज्यांची शेतं चांगली आहेत, त्यांचे बांध बांधणार.

ती डावीकडच्या उडव्यांकडं बघत राहिली.

"ह्ये माझंच बोलनं हाय ना? रोह्याचं?"

"तुझ्या एकटीचं नाही, काकी. सगळ्या गावाचे फॉर्म होते. नमितानं तर शेवटी लिहिलं होतं, की म्हणूनच बांध बांधावा आणि या घरांना गरिबांच्या यादीत घ्यावं. तिनं मला पत्र पाठवलंय. ती लिहिते, वर कुणी शेवटचं पान वाचलं नाही, तक्ते तेवढे घेतले. रडून लिहिलंय तिनं."

"रडू नको म्हनून लिव तिला." मग ती म्हणाली, "पन त्या कागदात खोटं काय हाय? दाना नाय, खरं हाय. मीठ वाहून खातंय, खरं हाय."

मी कागदाची घडी घातली.

"आनि यादीचं?"

"यादी तीच राहणार. नवा सर्वे होईल तेव्हा."

"म्हंजे यादीत माझी जमीन हाय, आनि बांधात नाय." हे ती रागानं बोलली नाही. कोडं घातल्यासारखं तिनं ते स्वतःशीच दोनदा म्हटलं. मग विचारलं, "हिरामणला काय सांगशील?"

"जे आहे ते."

"तो म्हनेल, बायजानं बांध घालवला."

"मी सांगेन, तिचा दोष नाही. तिला मी उभी केली."

"तुझं कोन ऐकनार? तू पेनला राहतंस. मना गावात राहायचं हाय."

भरती यायला लागली होती. खांडीतून पाणी आत येत होतं, आवाज न करता, रोज येतं तसं. तिवरांची मुळं एकेक करून बुडत होती. मी मनात देवाचं नाव घेत होते, पण त्याच्याकडं काय मागावं ते सुचत नव्हतं. काकीनं हात लांब करून बोटानं पाण्यावरची एक जागा दाखवली. मला तिथं पाण्याशिवाय काही दिसलं नाही.

"ते सासूचं खाचर," ती म्हणाली. पहिल्यांदाच त्या दिवशी तिनं उजवीकडं बघितलं होतं. "आता मी सांगितलं तरी कोन मानील?"

आम्ही उठलो. पुढं टोकाला बांध संपतो, तिथून खाली उतरून चिखलातल्या दगडांवरून पलीकडं जावं लागतं. तिनं माझा हात धरला. मी तिला सांभाळायला आले होते, पण त्या दगडांवरून तीच मला घेऊन गेली. पलीकडं गावची घरं दिसायला लागली. हिरामणदादांच्या पडवीत माणसं बसलेली लांबूनही कळत होती. आम्ही कागद आणायला गेलोय हे सगळ्यांना माहीत होतं.

काकीनं पाय धुतले, वहाणा घातल्या, पण पुढं पाऊल टाकलं नाही.

"बाई, नवा सर्वे कवा हाय गो?"

"पाच वर्षांनी होतो म्हणतात. दोन हजार दोनला असेल."

"तूच येशील?"

"बदली झाली नाही तर मीच."

"मग एक काम कर माझं." ती पडवीकडं बघत होती, माझ्याकडं नाही. "हाय म्हटलं तरी गेलं, नाय म्हटलं तरी गेलं. तू फारम घेऊन आलीस आनि समोर बसलीस, की मी परत कायतरी बोलनार. माझं तोंड तुला म्हाईत हाय. म्हनून माझ्याकडं येऊच नको. माझ्या दारावरनं पुढं जा आनि लिव, घर बंद. मी दारात बसलेली दिसली तरी लिव. लिवशील ना, गो?"